सरकार राडारोडा उचलणार, मग विम्याच्या पैशाचं काय?

(हे उत्तर एप्रिल २०२५मधलं आहे, त्यातली मुदत आता उलटून गेली आहे.) तुमचा प्रश्न मला समजला तो असा. लॉस एंजेलिस काउंटीतल्या अल्टाडीनामधलं घर जानेवारी २०२५च्या ईटन आगीत पूर्ण गेलं, विमा आहे. सरकारने आवारात येऊन राडारोडा उचलावा यासाठीच्या काउंटीच्या संमतीपत्रात विमा कंपनीचं नाव, पॉलिसी नंबर आणि डिक्लरेशन पेजची (पॉलिसीतल्या रकमांचा गोषवारा असलेल्या पानाची) प्रत मागितली आहे, तिथे हात थबकला. सही केली तर राडारोड्याचे पैसे सरकार वळतं करून घेणार, मग घर बांधायला कमी पडले तर काय? त्यापेक्षा खासगी ठेकेदार बरा का? संमतीपत्राची मुदत आधी ३१ मार्च २०२५ होती, मग १५ एप्रिल झाली, म्हणजे हे लिहिताना हातात दोन आठवडेही नाहीत. शेवटी देव्हाऱ्याबद्दल एक ओळ लिहिली आहे, तिच्याकडे मीही शेवटीच येतो.

मी कॅलिफोर्नियात विमा दाव्यांचंच काम करतो. २०१७ला सांता रोझा जळालं तेव्हा विमा कंपनीच्या बाजूने नुकसान मोजणारा, म्हणजे अ‍ॅडजस्टर होतो. २०१८च्या नोव्हेंबरात पॅराडाइज गाव गेलं, त्यानंतर टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, घरमालकांकडे आलो. तुमची पॉलिसी मी पाहिलेली नाही, आणि अर्धं उत्तर तिच्यात आहे. तेव्हा कुठली ओळ शोधायची आणि ती सापडली किंवा नाही सापडली तर काय, असं सांगतो.

आधी भीतीबद्दल. राडारोडा उचलण्याच्या सरकारी कार्यक्रमाचे दोन टप्पे आहेत. पहिल्यात ईपीएच्या (केंद्राच्या पर्यावरण संस्थेच्या) माणसांनी रंगाचे डबे, कीटकनाशकं, गॅसच्या टाक्या, गाड्यांच्या आणि भिंतीवरच्या लिथियम बॅटऱ्या उचलल्या. तो फेब्रुवारीअखेर संपला. काही आवारांत शिरणं धोक्याचं होतं, तिथलं काम दुसऱ्या टप्प्यावर ढकललं आहे. तुमच्या फाटकावर कुठला कागद लावलाय तो वाचा. दुसरा टप्पा आर्मी कोअरच्या (लष्कराच्या अभियंता दलाच्या, पुढे नुसतं 'कोअर') ठेकेदारांचा: राख, जळका सांगाडा, चिमणी, धोकादायक झाडं, पाया, आणि राखेखालची सहा इंचांपर्यंतची माती. याचं बिल तुमच्या नावावर निघत नाही, पैसा फेमाचा, म्हणजे केंद्राच्या आपत्ती यंत्रणेचा. पण १९८८च्या स्टॅफर्ड कायद्यात एक अट आहे: एकाच नुकसानीची भरपाई विमा आणि सरकार दोघांकडून घेता येत नाही. काउंटीला तुमची पॉलिसी हवी ती या अटीपायी.

त्यामुळे 'सरकार माझे पैसे घेणार' हे अर्धवट ऐकलेलं वाक्य आहे. पुरं वाक्य असं: राडारोडा उचलण्यासाठी म्हणून विम्याने वेगळे दिलेले आणि तुम्ही त्या कामावर खर्च न केलेले पैसे काउंटी मागणार. यातला 'वेगळे' हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा.

पॉलिसीच्या पुस्तिकेत 'डेब्रिस रिमूव्हल' (राडारोडा उचलणं) हे कलम शोधा. बहुतेकांत ते 'अ‍ॅडिशनल कव्हरेजेस' या भागात पहिलं किंवा दुसरं असतं. घरविम्याचा एचओ-३ नावाचा जो सर्वसाधारण नमुना आहे त्यात लिहिलेलं असतं की राडारोड्याचा खर्च घराच्या विम्याच्या मूळ रकमेतच धरलेला आहे. मात्र नुकसान आणि हा खर्च मिळून मूळ रक्कम ओलांडत असेल, तर तिच्या ५ टक्के जास्तीचे या खर्चापुरते मिळतील. घर पूर्ण गेलंय म्हणजे तुमची मूळ रक्कम जवळजवळ नक्की ओलांडणार, आणि ते ५ टक्के जागे होणार. काही कंपन्या थेट वेगळा आकडा लिहितात, काही १० टक्के देतात, काही पॉलिसींत सगळं मूळ रकमेच्या आत असतं आणि वर काही नाही.

आता हिशेब मांडू. आकडे माझे, समजायला सोपे म्हणून घेतलेले. समजा घराच्या विम्याची रक्कम ७ लाख डॉलर आणि वर राडारोड्याचे वेगळे ५ टक्के, म्हणजे ३५ हजार. तुम्ही लिहिलंय की मागे पोहण्याचा तलाव आहे आणि ड्राइव्हवे भाजून तडकलाय. हे दोन्ही कोअर उचलत नाही. तलाव, ड्राइव्हवे, फरसबंद अंगण, संरक्षक भिंत हे त्यांच्या यादीबाहेर आहे. तेव्हा हे ३५ हजार आधी तिथे लावायचे. तलाव फोडून भरायला आणि ड्राइव्हवे उखडायला समजा २२ हजार गेले आणि पावत्या नीट ठेवल्या, तर काउंटीला देय राहिले १३ हजार. कोअरचा तुमच्या आवारावरचा खर्च याच्या कितीतरी पट असला तरी फरक तुमच्याकडून मागत नाहीत. आणि घर बांधायच्या ७ लाखांना या हिशेबात कुणी हात लावत नाही.

आता दुसरी शक्यता. वेगळं कलम नाही, सगळं ७ लाखांच्या पोटात. अशा वेळी घर बांधून झाल्यावर त्या रकमेतलं काही शिल्लक उरलं तरच काउंटीचा हक्क. आजच्या दराने अल्टाडीनात ७ लाखांत तीन बेडरूमचं घर उभं राहून वर पैसे उरतील असं मला वाटत नाही, तुम्हालाही वाटत नसणार.

तिसरी शक्यता लोकांना खरा चकवा देते, म्हणून तिथे जरा थांबतो. तुमच्या अ‍ॅडजस्टरने एक्झॅक्टिमेट या खर्चाच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला अंदाज पाठवला असेल, साठ-सत्तर पानांचा. त्यात सुरुवातीला कुठेतरी 'डेमोलिशन अँड हॉल-ऑफ' (पाडून उचलून नेणं) अशी ओळ असते, समोर समजा ४८ हजार. ती पाहून घरमालक धरून चालतो की हे राडारोड्याचे पैसे, आता काउंटीला द्यावे लागणार. तसं नाही. ती अंदाजातली ओळ आहे, पॉलिसीतलं कलम नव्हे. पण उद्या हीच ओळ धरून कंपनी म्हणू शकते, 'ते काम सरकारने केलं, आमचे ४८ हजार कमी.' त्यावर उत्तर साधं आहे. ती ओळ वजा करून बघा. उरलेला बांधकामाचा खर्च तरीही ७ लाखांच्या वर जात असेल, तर कंपनीला एक डॉलरही कमी करता येत नाही. अंदाज ८ लाख ९० हजारांचा, ४८ हजार काढले, उरले ८ लाख ४२ हजार, मर्यादा ७ लाख. विषय संपला. मात्र अंदाजच साडेसहा लाखांचा असेल तर भांडण त्या ओळीशी नाही, अंदाजाशी आहे. तो बहुतेक वेळा कमी धरलेला असतो. मग स्थानिक बिल्डरकडून स्वतंत्र आकडा घ्या. हे मी कंपनीच्या बाजूला असताना पाहिलंय: वाईट हेतू फारसा नसतो, मैदानी भागातले दर डोंगराच्या उतारावर लावलेले असतात, इतकंच.

चेक येतो तेव्हा त्याच्यासोबतचं पत्र वाचा, नुसता आकडा बघू नका. कुठल्या कलमाखाली किती, हे पत्रात असतं. पॉलिसीत वेगळं कलम नसताना पत्रात 'डेब्रिस रिमूव्हल' म्हणून रक्कम दाखवली असेल तर लगेच ईमेल करून विचारा, ही कुठल्या कलमाखाली दिली. उत्तर लेखी घ्या. दोन वर्षांनी काउंटीचं पत्र येईल तेव्हा हाच कागद कामाला येतो. हो, वर्ष-दोन वर्षं सहज जातात. सोनोमात, म्हणजे सांता रोझाच्या काउंटीत, ही वसुली पुष्कळ लांबली होती, आणि तोवर लोकांनी ते पैसे भाड्यात, गाडीत घालून टाकले होते. म्हणून वेगळ्या कलमाची रक्कम आली की ती वेगळ्या खात्यात ठेवा. घरावर कर्ज असेल तर चेकवर बँकेचंही नाव असतं, तो आणखी एक फेरा.

पॉलिसी काउंटीपासून लपवावी का, असं तुम्ही सरळ विचारलं नाही, पण प्रश्नात ते डोकावतंय. लपवू नका. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. संमतीपत्रावरच विमा कंपनीकडून माहिती मागवायची परवानगी तुम्ही देता. हिशेब तुमच्या बाजूने असताना लपवाछपवी कशाला?

मग खासगी ठेकेदार कुणी घ्यावा? काहींना तो खरंच परवडतो. वेगळं कलम चांगलं घसघशीत असेल, बिल्डर ठरलेला असेल आणि नकाशे मंजुरीला गेले असतील, तर स्वतःचा माणूस लावून काम आपल्या वेळापत्रकाने होतं. पण त्याच्याकडे धोकादायक कचऱ्याचं प्रमाणपत्र लागतं, काउंटीचा परवाना लागतो, ट्रकमध्ये प्लास्टिकचं अस्तर घालून राख गुंडाळून न्यावी लागते, कुठल्या भराव मैदानावर टाकली त्याच्या पावत्या लागतात. यातलं काही चुकलं तर तुमचं बांधकाम अडतं, ठेकेदाराचं नाही. आणि विम्याच्या मर्यादेवरचा प्रत्येक डॉलर तुमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यातून जातो. ३५ हजारांचं कलम असेल तर मी तुमच्या जागी सरकारी कार्यक्रमातच जाईन. एक मात्र लक्षात ठेवा, दोन्ही दगडांवर पाय ठेवता येत नाही. घराच्या राखेला खासगी माणसाने हात लावला की कोअर ते आवार घेत नाही. वर तलावाचं सांगितलं, त्याची वेळसुद्धा काउंटीला विचारून ठरवा. माझ्या मते कोअरचं काम उरकल्यावरच.

वाट बघण्यात भाड्याचे पैसे संपतील ही काळजी थोडी कमी करतो. जाहीर आपत्तीत पूर्ण घर गेलं असेल तर कॅलिफोर्नियात राहण्याचा जादा खर्च किमान २४ महिने द्यावा लागतो. तुमच्या हाताबाहेरच्या कारणाने उशीर झाला तर आणखी १२ महिन्यांपर्यंत वाढ मिळते. वाढतात ते महिने. रकमेची मर्यादा असेल तर ती तिथेच राहते. शेजारच्या पासाडेनात महागडं भाडं घेऊन बसला असाल तर आताच भागाकार करून बघा.

आता पाया. माझ्या अनुभवात सगळ्यात महाग चूक इथे होते, आणि ती मी जवळून पाहिली आहे.

सांता रोझातल्या आगीनंतरचं एक घर. पायासकट सगळं उचललं गेलं, आवार हातासारखं सपाट, घरमालक खूश. पाच महिन्यांनी विमा कंपनीचं पत्र: पाया आगीत खराब झाल्याचा पुरावा आमच्याकडे नाही, काँक्रीट सहसा आगीत टिकतं, म्हणून नव्या पायाचा खर्च मंजूर नाही. पुरावा कुठून आणणार, तो तर ट्रकमधून गेला होता. शेवटी शेजाऱ्याने दुसऱ्याच कशासाठी तरी काढलेला एक फोटो मिळाला. त्यात पायाच्या कडेचं काँक्रीट पापुद्र्यांसारखं सुटलेलं आणि आतली सळई उघडी पडलेली दिसत होती. त्या एका फोटोवर काम झालं, पण सात महिने गेले. त्याच भागात आणखी एकाकडे खोदणाऱ्या ठेकेदाराने हवं त्याच्या तिप्पट खोल माती काढली. खड्डा भरून, दाबून घट्ट करायचा खर्च कुणाचा यावर वर्षभर पत्रव्यवहार. विमा कंपनी म्हणे जमिनीचा विमा नसतो. खरंच नसतो.

म्हणून कोअरची तारीख यायच्या आधी दोन गोष्टी करा. विमा कंपनीला लेखी कळवा की पाया काढला जाणार आहे, तुम्हाला तपासायचा असेल तर अमुक तारखेआधी तपासा. आणि शक्य झालं तर स्वतः स्ट्रक्चरल इंजिनिअर आणून एक-दोन पानी अहवाल घ्या. संमतीपत्रात पाया ठेवायचा पर्याय असतो, पण जळक्या घराच्या पायावर नवं घर मंजूर करून घेणं सोपं नाही. इंजिनिअर ठामपणे 'चांगला आहे' म्हणत नसेल तर काढू द्या.

दुसरी गोष्ट, घरचा पंचनामा. माझे आईवडील सांगलीचे. २०१९च्या पुरानंतर तलाठी येऊन भिंतीवरची पाण्याची खूण मोजून गेला होता. इथे तलाठी येत नाही, तो तुम्हीच. चारही कोपऱ्यांवर जमिनीला टेप लावून फोटो काढा, टेपवरचा आकडा वाचता आला पाहिजे. रस्त्याच्या कडेच्या काँक्रीटपासून जोत्याची उंची किती, ते मोजून एका कागदावर लिहा आणि तो कागद जोत्यावर ठेवून त्याचाही फोटो घ्या. तडे, सुटलेले पापुद्रे जवळून. तलाव, ड्राइव्हवे, मीटर, सांडपाण्याचं झाकण, शेजारच्याच्या हद्दीची भिंत. मग एक सावकाश व्हिडिओ, बोलत बोलत: इथे न्हाणीघर, इथे जिना. काम झाल्यावर हेच सगळं पुन्हा, त्याच जागांवरून.

मातीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे, ते मत म्हणूनच घ्या. कोअर सहा इंचांपर्यंत माती काढतं, पण त्यानंतर खाली काय उरलं याची चाचणी या वेळी फेमाने करायची नाही असं ठरवलंय. आधीच्या मोठ्या आगींत ती व्हायची. अल्टाडीनातली पुष्कळ घरं १९७८च्या आधीची, म्हणजे शिशाच्या रंगावर बंदी यायच्या आधीची. घरात लहान मूल आहे असं तुम्ही लिहिलंय. मी असतो तर काम झाल्यावर, बांधकाम सुरू व्हायच्या आधी, प्रयोगशाळेकडून नमुने तपासून घेतले असते. हा खर्च राडारोड्याच्या कलमात बसतो का, हे आधी कंपनीला लेखी विचारलं असतं. काही अ‍ॅडजस्टर हो म्हणतात, काही नाही. ईमेलला खर्च नाही.

म्हणजे या आठवड्याचा क्रम असा. आज रात्री डेब्रिसचं कलम वाचा. उद्या अ‍ॅडजस्टरला एकच ईमेल, दोन प्रश्न: राडारोड्याची वेगळी मर्यादा आहे का, आणि असल्यास किती? आणि पाया काढायच्या आधी तुम्ही तपासणार का? शनिवारी टेप घेऊन आवारात. उत्तर आलं नाही तरी १५ तारखेच्या आत संमतीपत्र भरा. कंपनीच्या उत्तरासाठी मुदत घालवू नका.

आता देव्हारा. चांदीचे टाक आणि आईची एकदाणी राखेत असेल, ती मिळेल का, असं विचारलंय. कोअरची माणसं यंत्राने काम करतात, शोधत बसत नाहीत. जे करायचं ते त्यांच्या तारखेआधी. स्वयंसेवकांचे गट चाळण्या घेऊन येतात, त्यांना बोलवा. एन-९५ मास्क, जाड हातमोजे, पूर्ण बाह्या, आणि बूट गाडीत आणायचे नाहीत. मुलाला नेऊ नका.

चांदी ९६२ अंशांना वितळते, सोनं १०६४ला. त्यामुळे टाक टाकाच्या आकारात मिळतीलच असं नाही, राखेत चपटा गोळा म्हणून मिळू शकतील. समई पितळेची असेल तर ती चांदीच्याही आधी जाते. दागिन्यांवर १,५०० डॉलरची मर्यादा आहे असं कुणी सांगितलं तर पॉलिसी काढून बघा. एचओ-३च्या नमुन्यात ती चोरीपुरती असते, आगीला लागू नसते. तुमच्या पॉलिसीत शब्द वेगळे असू शकतात. घरातल्या सामानाचे पैसे, घराच्या विम्याच्या रकमेच्या ३० टक्क्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर, यादी न देता मागता येत होते, हा २०२५चा नियम. त्याच्या वरचं हवं असेल तर एकदाणीचा एखादा लग्नातला फोटो शोधून ठेवा. सोन्याचा गोळा मिळाला तर कंपनीला सांगा. फार तर मोडीची किंमत वजा होईल.

आणि शोधताना लोक चुकतात ते जागेत. भिंती नसल्या की स्वतःच्या घरात माणसाला दिशा कळत नाही, स्वयंपाकघर सहा-सात फूट सरकलेलं वाटतं. तुमच्या घराची चिमणी अजून उभी आहे, फोटोत दिसतेय. घरी बसून घराचा जुना आराखडा काढा, चिमणीपासून देव्हारा किती फूट होता ते लिहून न्या, आणि टेप चिमणीला अडकवून तिथून मोजत जा.